बसून पाहिलीस का?

आमच्या कॉलेजात नव्या मुलांचं स्वागत दोनदा होतं. एकदा प्राचार्य करतात आणि एकदा मी. प्राचार्यांच्या स्वागताला हॉल लागतो, माइक लागतो, पडद्यावर 'वेळेचं नियोजन' आणि 'अपयशातून शिका' अशी वाक्यं लागतात. माझ्या स्वागताला पुठ्ठा लागतो, जिमखान्यातली एक जाड गादी लागते आणि मी लागते. मी म्हणजे माझं वजन.

वजनाची लाज वाटायचे दिवस केव्हाच सरले. मी फर्निचरची रचना शिकवते. खुर्च्या-टेबलं शिकवणारी बाई वाऱ्याने उडेल अशी असली, तर पोरांनी तिच्या कुठल्या खुर्चीवर विश्वास ठेवायचा? वर्कशॉपमध्ये मी शिरले की स्टुलं दचकतात असं मुलं म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात असं त्यांना वाटतं.

तर नेम असा. पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येकाने पुठ्ठ्याची एक खुर्ची करायची. खोक्यांचा असतो तो जाड पुठ्ठा, कटर आणि स्टीलची पट्टी, एवढंच सामान. डिंक नाही, चिकटपट्टी नाही, खिळा नाही. तुकड्यांना खाचा पाडायच्या आणि खाचेत खाच अडकवून सगळं उभं करायचं. मग एका शनिवारी मी चहाचा कप हातात घेऊन प्रत्येक खुर्चीवर बसते. दोन घोट होईपर्यंत टिकली तर छान. नाही टिकली तर मी गादीवर, चहा माझ्या एप्रनवर, आणि खुर्चीच्या मालकाने ती का मोडली ते सांगायचं. नीट सांगितलं तर तेही पासच. हे मी दरवर्षी पहिल्याच दिवशी सांगते, आणि दरवर्षी त्यावर एकाचाही विश्वास बसत नाही. शाळेत इतकी वर्षं घालवून आलेली असतात बिचारी.

म्हणून मी मोडे नेमते. मोड्या म्हणजे दुसऱ्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी. एका नव्याला एक मोड्या. मोड्याने शिकवायचं नाही, सल्ले द्यायचे नाहीत, कटरला तर हातच लावायचा नाही. त्याने अधूनमधून येऊन आपल्या नव्याच्या अर्ध्यामुर्ध्या खुर्चीवर बसायचं आणि ती मोडायची. मोडली की हवं तेवढं हसायचं आणि दोघांनी कॅन्टीनला जायचं. दोन-चार खुर्च्या अशा सोबतीने मोडल्या, की पोरं आपोआप बोलती होतात. लायब्ररीत पुस्तक कसं मागायचं, कुठल्या सरांना वर्गात प्रश्न विचारलेला चालतो आणि कुठल्या सरांना बाहेर गाठावं लागतं, खोलीतली जोडीदारीण घोरत असेल तर काय, घरची आठवण येऊन घास उतरत नसेल तर काय. यातलं काहीच पडद्यावर दाखवता येत नाही. प्राचार्यांना माझी ही पद्धत म्हणजे पोरखेळ वाटतो. वाटो. पण त्यांची स्वतःची मुलगी आमच्याकडे आली, तेव्हा तिला चांगला मोड्या मिळावा म्हणून मला गुपचूप फोन कुणी केला, ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

यंदा अव्वल आली. हे काही तिचं नाव नव्हे; वर्गाने पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं केलं. पहिल्या इयत्तेपासून शाळा सुटेपर्यंत तिचा दुसरा नंबर कधी आलाच नव्हता. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले, पेन्सिलींची टोकं सुईसारखी. बोलायची कमी आणि ऐकायची मात्र अशी, की मी खोकले तरी ती वहीत टिपून घेईल असं वाटावं.

पहिल्या ड्रॉइंगवर मी सगळ्यांच्याच कागदावर लाल पेन्सिलीने 'परत काढ' लिहिते. कुणाचं कितीही चांगलं असो. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली, मला मनात शिव्या दिल्या आणि परत काढलं. अव्वलने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि त्यानंतर मला काही म्हणजे काही दिलंच नाही. रोज विचारायचे, रोज उत्तर एकच.

"अजून नीट झालं नाही मॅडम."

कॅन्टीनमध्ये ती दिसेना. गटात काम दिलं तर सगळ्यांचं काम एकटीच खोलीवर घेऊन जायची, आणि तेही यायचं नाही. मला तिचा राग यायचा आणि तितकीच ती आवडायचीही. हुशारी अशी ओसंडून वाहत असताना त्या पोरीने बादलीवर झाकण ठेवलं होतं.

एका दुपारी ती माझ्या खोलीत आली. उभीच राहिली.

"मॅडम, मी कॉलेज सोडतेय."

"बस."

"नको. बाबा शनिवारी न्यायला येणार आहेत. मी त्यांना फोनवर सांगितलंय. मला हे जमणार नाही. इथे सगळेच हुशार आहेत."

"मग? मठ्ठ लोकांच्यात बसायचं होतं का तुला?"

ती हसली नाही. माझी जीभ ही अशी आहे. उचलली की लागली टाळ्याला. मी जरा सबुरीने घेतलं.

"आई काय म्हणते?"

"ती रडते. म्हणते, राहवत नसेल तर ये. बाबा काहीच म्हणत नाहीत. म्हणाले, येतो."

एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिला जायचं नव्हतं, हे कुणालाही दिसलं असतं. तिला फक्त पडायचं नव्हतं, आणि न पडण्याचा दुसरा रस्ता तिला ठाऊक नव्हता. मला मनातून फार वाईट वाटलं. अशी मुलं मी जाताना पाहिली आहेत. ती घरी जातात, जवळच्या कुठल्यातरी कॉलेजात सोपा विषय घेतात, तिथे पहिली येतात आणि पुढे जन्मभर जपून चालतात.

"जा," मी म्हणाले. "अडवणार नाही. पण शनिवारी खुर्च्या आहेत. तुझी खुर्ची दे, मी तिच्यावर बसते आणि मग जा. माझं एक बसणं चुकवून कुणी गेलेलं मला खपत नाही."

 तिने होकारार्थी मान हलवली. दिलेलं काम अर्धवट टाकणं तिच्या रक्तातच नव्हतं, आणि मी तिथेच बोट ठेवलं होतं. लबाडपणा म्हणा हवा तर.

तिचा मोड्या होता लंबू. ताडमाड उंच, दोन माणसांएवढं जेवणारा आणि तीन माणसांएवढं हसणारा. गेल्या वर्षी त्याची खुर्ची इतक्या झटक्यात मोडली होती, की माझा कप हवेत राहिला आणि मी खाली. यापेक्षा चांगला मोड्या शोधून सापडला नसता. पण गुरुवारी तो पडेल चेहऱ्याने माझ्याकडे आला.

"मॅडम, मला दुसरं कुणीतरी द्या. ती मला बसूच देत नाही."

"म्हणजे?"

"एकदाही नाही. रोज जातो. म्हणते, अजून तयार नाही. आज तयार झाली, तर म्हणते, आता तयार झालीये, आता कशाला बसायचं? सगळे मोडे कॅन्टीनला जातात आणि मी आपला तिथे खांबासारखा उभा."

"ती जेवते का रे?"

"मी काल डबा ठेवून आलो. सकाळी रिकामा डबा धुऊन, पुसून माझ्या टेबलावर. वर चिठ्ठी, आभारी आहे." त्याने डोकं खाजवलं. "आमच्या घरी मला एवढ्या मानाने कुणी वागवत नाही. मला भीतीच वाटली."

मी वर्कशॉपमध्ये गेले. बाकी सगळीकडे रणांगण होतं. पुठ्ठ्याचे तुकडे, मोडक्या पाठी, एका टेबलाखाली दोन पोरं झोपलेली, एक मुलगी आपल्या तिसऱ्या खुर्चीला आधीच्या दोघींचे अवयव बसवत होती. आणि कोपऱ्यात, झाडून स्वच्छ केलेल्या जागेवर, पांढऱ्या कागदात गुंडाळलेली अव्वलची खुर्ची. कागदावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: कृपया हात लावू नये.

खुर्चीवर! हात लावू नये! माझा राग नाकावर असतो हे सगळं कॉलेज जाणतं, पण त्या दिवशी मला रागही येईना. मी कागद जरासा वर केला. कडा इतक्या सरळ, की पुठ्ठा यंत्राने कापलाय असं वाटावं. खाचा अशा चपखल बसलेल्या, की फट शोधावी लागावी. पाय उंच, सडपातळ, एकसंध. माझ्या इतक्या वर्षांत पहिल्या वर्षाच्या मुलाकडून इतकी देखणी खुर्ची मी पाहिली नव्हती.

अव्वल शेजारी उभी होती. माझ्या चेहऱ्याकडे बघत.

"बसून पाहिलीस का?" मी विचारलं.

तिला धक्काच बसला. "बसले तर खराब होईल ना मॅडम!"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात मी फार वेळा गप्प बसलेली नाही, त्यामुळे सवय नव्हती, जबडा दुखला. पण सांगून काय होणार होतं? सांगितलेलं सगळं ती बरोबर लिहून घेत होतीच. तिच्या वहीत पुठ्ठ्याच्या पोटातल्या नळ्यांवर अख्खं पान होतं: नळ्या उभ्या ठेवल्या की पुठ्ठा भार घेतो, आडव्या ठेवल्या की मान टाकतो. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क. आणि समोरच्या त्या देखण्या पायांत नळ्या चक्क आडव्या होत्या. मी कागद परत खाली केला आणि निघून आले.

शनिवारी मी एप्रन चढवला. त्यावर मागच्या सगळ्या वर्षांचे चहाचे डाग आहेत आणि तो धुतलेला मला चालत नाही. गादी आली, कप आला, मोडे भिंतीला टेकून ओळीने उभे राहिले. आणि दारातून एक गृहस्थ आत आले. ठेंगणे, भरलेल्या अंगाचे, भांग अगदी रेघेत, मिशी कातरलेली, आणि हातात अव्वलची मोठी बॅग.

"मी तिचा बाबा," ते म्हणाले. "ती म्हणाली, थोडं काम आहे, मग निघू. मी इथे कडेला थांबू का?"

"थांबा की. बसा ना."

"नको हो मॅडम. आमचं सलून आहे. दिवसभर लोकांना बसवायचं आणि आपण उभं राहायचं. आता बसलो तर उलट पाय दुखतात."

ते बॅग दोन्ही हातांत धरून मागे उभे राहिले. बॅग खाली ठेवायलाही तयार नव्हते, जणू जमिनीवर ठेवली तर कुणी ओरडेल. लेक कुणावर गेली होती ते कळलं.

सुरुवात झाली. पहिली खुर्ची जाडजूड होती, एखाद्या पेटाऱ्यासारखी, आणि माझ्याखाली ढिम्म हलली नाही. टाळ्या. दुसरी करकरली, डावीकडे झुकली, पण दोन घोट झाले. तिसरीचा मालक माझ्या आधीच डोळे मिटून उभा होता. ती मोडली, मी गादीवर, आणि वर्कशॉप हसण्याने दणाणलं. मालकही हसला, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "मागची आडवी पट्टी लहान पडली मॅडम." पास. पुढची टिकली, त्यापुढची मोडली. मी पडत होते, उठत होते, माझा मोडलेला संसार दोन-तीन पोरं हात देऊन पुन्हा उभा करत होती. मागे सलूनवाले गृहस्थ पहिल्यांदा घाबरले, मग गालातल्या गालात हसले, मग त्यांनी हसू लपवायला बॅगेआड तोंड घातलं.

अव्वलची पाळी आली, तसे सगळे जवळ सरकले. ती जातेय हे सगळ्यांना माहीत होतं. तिने कागद काढला. कुणीतरी "वा!" म्हणालं, आणि ते मनापासून होतं. तिने खुर्ची गादीवर ठेवली, दोन पावलं मागे सरली आणि हात पाठीमागे बांधले.

मी बसले. पहिला घोट झाला. दुसऱ्यासाठी कप उचलला आणि पुढचा डावा पाय अगदी हळू, सभ्यपणे, गुडघ्यातून वाकावा तसा वाकला. मग उजवा. मी चहासकट खाली आले.

कुणी हसलं नाही. लंबूसुद्धा. बाबांनी बॅग सावरली आणि एक पाऊल पुढे टाकलं, लेकीला हात धरून न्यावं तसं. मी अव्वलकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मला वाटलं, गेली. संपलं. मी उगाच हिला सगळ्यांसमोर उभं केलं.

मी उठायला हात टेकला.

"थांबा!" अव्वल ओरडली. "मॅडम, हलू नका! तसंच राहा!"

माझ्यावर ओरडायची या कॉलेजात कुणाची छाती नाही. मी तशीच राहिले. ती गादीवर रांगत आली, माझा पाय उचलून बाजूला ठेवला, हो, उचलून, एखादी फळी बाजूला ठेवावी तसा, आणि वाकलेल्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं.

"दोन्ही एकाच ठिकाणी वाकलेत," ती स्वतःशीच म्हणाली. "नळ्या आडव्या गेल्यात माझ्या. उभ्या घेतल्या असत्या तर पुठ्ठा उंचीला पुरला नसता, मध्ये जोड द्यावा लागला असता. जोड दिसला असता म्हणून मी..." ती थांबली. वर बघितलं. "मॅडम, मला माहीत होतं! मी लिहिलं होतं हे! कसला मूर्खपणा आहे हा!"

आणि ती हसायला लागली. तिचं हसू वर्कशॉपमध्ये कुणी ऐकलंच नव्हतं. चांगलं खणखणीत, नाकातून आवाज येणारं हसू निघालं. तिच्याबरोबर लंबू सुटला, मग सगळेच. मला उठवायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

"पास," मी गादीवरून जाहीर केलं. तिने ऐकलंही नाही.

"मोड्या, पुठ्ठा आण!"

लंबू एवढ्या वेगाने धावला, की वाटेत एक टेबल आडवं झालं. अव्वलने जमिनीवरच पुठ्ठा पसरला आणि कटर चालवला. कडा वाकड्या, जोड ओबडधोबड, खाच मोठी झाली तर त्यात पुठ्ठ्याची पाचर. जेवणाची वेळ होऊन गेली, पण कुणी जागचं हललं नाही. जे लोक आपापली खुर्ची पार पाडून सुटले होते, तेही कोंडाळं करून बसले. नवे पाय लागले. लंबू हात चोळत पुढे झाला, बसला, आणि धाडकन खाली.

"कुठून गेली?" तिने विचारलं. तिच्या आवाजात नुसती उत्सुकता होती.

"मला काय विचारतेस? मी फक्त मोडतो."

परत कापाकापी. लंबू परत बसला. या वेळी खुर्चीने एक आवाज केला आणि तशीच राहिली. लंबूने दोन्ही हात वर केले, पाय वर केले, बसल्या बसल्या जेवणाची चौकशी केली. खुर्ची ढळली नाही.

"मॅडम, आता तुम्ही बसा."

"माझा चहा संपला," मी म्हणाले. "नेम म्हणजे नेम. एका खुर्चीवर मी एकदाच पडते."

ती इकडेतिकडे बघायला लागली. तिला वजन हवं होतं. तिची नजर कोंडाळ्यावरून फिरत मागे गेली आणि बाबांवर थांबली. ते अजून बॅग धरून उभे होते. तिने त्यांना नखशिखांत न्याहाळलं, आणि मी शपथेवर सांगते, त्या क्षणी ती बापाकडे बघत नव्हती. ती किलोंकडे बघत होती.

"बाबा, या. बसा यावर."

"मी?" ते गोंधळले. "अगं, मोडेल ना."

"मोडली तर मोडली. या लवकर. बॅगही घ्या मांडीवर, तेवढाच भार."

आयुष्यभर दुसऱ्यांना खुर्चीत बसवणारा तो माणूस आला आणि लेकीने केलेल्या त्या वेड्यावाकड्या खुर्चीवर जपून, श्वास रोखून बसला. मांडीवर बॅग. खुर्ची कुरकुरली आणि शांत झाली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. अव्वल मात्र त्यांच्या पायाशी पालथी पडून खालून काहीतरी बघत होती.

"बाबा, हलू नका. मागचे पाय बदलायला हवेत," खालून आवाज आला. "उजवा थोडा दबतोय. लंबू, अजून एक खोकं फोड. आणि मला काहीतरी खायला आण रे, सकाळपासून उपाशी आहे."

बाबांचा फोन वाजला. त्यांनी बॅगेवरून हात न काढता कसाबसा तो कानाला लावला. पलीकडे तिची आई होती. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"निघालात का दोघं? रडतेय का हो ती?"

बाबांनी खाली पाहिलं. लेकीच्या फक्त टाचा आणि धूळ लागलेली कोपरं दिसत होती. त्यांचे डोळे भरून आले, चेहरा मात्र फुलला.

"नाही गं," ते म्हणाले. "मी एकटाच येतोय. उशीर होईल. मला हलू नका म्हणालीये."